बीबीएफ यंत्राचे बुश रेझिनमध्ये ओतताना : भुकटी, शाफ्ट आणि वाया गेलेले दिवस

६ एप्रिल, लातूर

औसा तालुक्यातील नात्यातल्या एका मामांची दोन बीबीएफ यंत्रे, म्हणजे रुंद वरंबा पाडून त्यावर ओळीत बी टोकणारी ट्रॅक्टरची यंत्रे, दुरुस्तीसाठी माझ्या शेडमध्ये येऊन पडली आहेत. बियांच्या पेट्यांखालून जाणारा २० मिलिमीटरचा शाफ्ट ज्या प्लॅस्टिकच्या बुशांमध्ये फिरतो, ते सगळे बुश लंबगोल झिजले असून व्हर्नियर (बारीक माप घेण्याची सरकपट्टी) लावल्यावर काहींमध्ये २ मिलिमीटरपर्यंत ढिलाई निघाली. शाफ्ट हलला की बियांची चकती पेटीच्या तळाला घासते, सोयाबीनचे बी फुटते आणि ओळीत नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, पडतात. एका यंत्राला आठ, म्हणजे दोन्ही मिळून सोळा बुश लागणार आहेत.

बुश साधा गोल असता तर या नोंदी लिहिण्याची वेळच आली नसती. ज्याला गोल बुश हवा आहे त्याने सरळ टर्नरकडे जावे आणि नायलॉनच्या दांड्यातून किंवा गनमेटलमधून तो काढून घ्यावा. आमचा बुश मात्र बाहेरून चौकोनी आहे, त्याला एका बाजूला कॉलर आणि दुसऱ्या बाजूला पत्र्यात अडकणारा कान आहे, आणि तो आता सुट्या भागांत मिळत नाही. टर्नरने मिलिंगसह एका बुशाचे २२० रुपये सांगितले आणि महिनाभर थांबायला सांगितले. सिलिकॉनचा साचा आणि इपॉक्सी रेझिन (हार्डनर मिसळला की घट्ट होऊन प्लॅस्टिकसारखा होणारा द्रव) मी यापूर्वी वापरले होते, त्यामुळे हे आठवड्याभराचे काम आहे असे मी मामांना सांगून बसलो.

ग्रीस लावायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले. काळ्या रानातली धूळ आणि बीजप्रक्रियेची पावडर ग्रीसमध्ये बसली की तिची ग्राइंडिंग पेस्ट होते. जुने बुश नेमके तसेच गेले आहेत. म्हणून बुश कोरडाच चालला पाहिजे, आणि त्यासाठी रेझिनमध्येच घर्षण कमी करणारी भुकटी मिसळायची, असा बेत आहे.

९ एप्रिल

त्यातल्या त्यात शाबूत राहिलेल्या बुशावर सिलिकॉन ओतून साचा केला. तुलनेसाठी काहीही न मिसळलेल्या इपॉक्सीच्या ४० मिलिमीटर चौकोनी चकत्याही ओतल्या. घर्षण मोजण्याची माझी पद्धत अगदी गावठी आहे: ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलेल्या लोखंडी पाटीवर चकती ठेवायची, तिच्यावर वजन ठेवून एकूण भार २ किलो करायचा, ताणकाट्याने हळूहळू ओढायचे आणि चकती सरकत असताना काटा वाचायचा. ओढ भागिले वजन म्हणजे घर्षणाचा गुणांक. साध्या रेझिनला साधारण ९५० ग्रॅम ओढ लागली, म्हणजे गुणांक ०.४७ च्या आसपास आला. त्याहून बोलका प्रकार म्हणजे काटा एका जागी थांबतच नव्हता. चकती अडखळत, सुटत आणि पुन्हा अडखळत सरकत होती, आणि काटा ७०० ते ११०० च्या मध्ये नाचत होता. शाफ्टच्या बाबतीत याच अडखळण्याचा अर्थ बियांच्या चकतीला बसणारे धक्के आणि बियांमधले असमान अंतर असा होतो.

११ एप्रिल

फाउंड्रीत वापरतात ती ग्रॅफाइटची भुकटी १२० रुपये किलोने आणली. १०० ग्रॅम रेझिनमध्ये ३० ग्रॅम भुकटी घोटली आणि हार्डनर १३ ग्रॅम घातला. इथे चूक झाली, आणि ती ढोबळ चूक होती. आमच्या रेझिनला वजनाने १०० भागांस १० भाग हार्डनर लागतो. तो केवळ रेझिनच्या वजनावर काढायचा असतो, भुकटी धरून झालेल्या एकूण वजनावर नाही. ग्रॅफाइटला हार्डनरशी काहीच देणेघेणे नसते. मी १३० चे दहा टक्के काढले. दुसऱ्या दिवशी साच्यातून निघालेल्या चकत्यांवर चिकट थर होता आणि नख रोवले तर खूण उमटत होती. चार दिवस उन्हात ठेवूनही त्या सुधारल्या नाहीत.

१२ एप्रिल

शेडमध्ये दुपारी दोन वाजता ४१ अंश तापमान होते. कालची चूक सुधारण्याच्या घाईत एकदम ४०० ग्रॅम रेझिन एका प्लॅस्टिकच्या मगमध्ये हार्डनरसह ढवळले. सात-आठ मिनिटांत मग हाताला चटका देऊ लागला, अकराव्या मिनिटाला रेझिन खरवसासारखे थिजले आणि त्यातून तिखट वासाचा धूर निघू लागला. मग उचलून बाहेर वाळूत फेकला. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडते, ढीग जितका मोठा तितकी ती आत कोंडते, आणि हवा दहा अंशांनी तापलेली असली की हातात मिळणारा वेळ जवळपास निम्मा होतो. यापुढे पहाटे सहाच्या आत ओतायचे, एका वेळी रेझिन १०० ग्रॅमच घ्यायचे आणि उभट मगऐवजी पसरट भांडे वापरायचे, असे ठरवले. भुकटी स्वतः थोडी उष्णता पिते, त्यामुळे भुकटी घातलेले मिश्रण साध्यापेक्षा कमी तापते हेही पुढे दिसले, पण त्यावर विसंबू नये.

१५ एप्रिल

या वेळी हार्डनर बरोबर, वेळ पहाटेची आणि ग्रॅफाइट १०० भागांस २० भाग. चकत्या काळ्याभोर आणि काचेसारख्या गुळगुळीत निघाल्या, म्हणून मी खूश होतो. ताणकाट्याने ८४० ग्रॅम दाखवले. गुणांक ०.४२! साध्या रेझिनपेक्षा फरक इतका थोडा की वीस भाग भुकटी नेमकी गेली कुठे, असा प्रश्न पडला.

एक चकती हॅक्सॉने मधोमध कापली, कापलेला भाग वॉटर पेपरवर घासला आणि भिंगाखाली पाहिला. भुकटी कुठे गेली ते तिथे दिसले. ओतताना जो भाग तळाशी होता तिथे ग्रॅफाइट दाट जमले होते, वरच्या दोन मिलिमीटरमध्ये ते विरळ होते आणि चारही बाजूंनी, जिथे रेझिन सिलिकॉनला टेकले होते, तिथे केसाएवढी नितळ पातळ कड होती. मी दोन दिवस पाटीवर ओढत होतो ते ग्रॅफाइट नव्हतेच. ती ग्रॅफाइटवर चढलेली रेझिनची साय होती.

१६ एप्रिल

तीच चकती ३२० नंबरच्या पेपरवर पाण्यात घासून साय काढली. ओढ ५६० ग्रॅमवर आली, म्हणजे गुणांक ०.२८. मिश्रण तेच, फरक फक्त वरचा थर काढण्याचा. ज्यांना यातून एकच गोष्ट घ्यायची असेल त्यांनी ही घ्यावी: साच्यातून निघालेला चकाकता पृष्ठभाग शाफ्टला लावू नका, तो उघडा करा.

खाली बसण्याचा प्रश्न वेगळा आहे. ग्रॅफाइट घनतेने रेझिनच्या जवळपास दुप्पट, ते बसणारच. दोन उपाय करून पाहिले. पहिला म्हणजे १ भाग एरोसिल (सिलिकाची अतिशय हलकी भुकटी) घालून मिश्रण किंचित दाट करणे; ते चालले, पण दोन भागांच्या पुढे गेल्यावर मिश्रण श्रीखंडासारखे होऊन त्यात हवा अडकते. दुसरा म्हणजे साचा उभा ठेवून वरच्या बाजूला पाच मिलिमीटर लांबी जास्त ओतणे आणि तो विरळ भाग नंतर कापून टाकणे. मी दोन्ही ठेवले आहेत.

२० एप्रिल

आता खरी चाचणी. मिनिटाला ६० फेऱ्यांच्या गिअर मोटरवर २० मिलिमीटरचा शाफ्ट चढवला, बुश त्यावर बसवून पट्ट्याने खाली १० किलो वजन टांगले आणि दर अर्ध्या तासाला मामांच्याच रानातली, फडक्यातून चाळलेली काळ्या मातीची धूळ चिमूटभर टाकत राहिलो. दिवसभरात लाईट तीनदा गेली, त्यामुळे आठ तासांच्या चाचणीला दीड दिवस लागला.

साधा बुश ०.३ मिलिमीटर झिजला. ग्रॅफाइटचा बुश ०.१५ झिजला, पण शाफ्टवर गोलगोल ओरखडे पडले होते आणि ते नखाला लागत होते. ज्याने शाफ्टला जपायचे तोच शाफ्ट खाऊ लागला, तर हा उद्योग करायचा कशाला?

२२ एप्रिल

दोष ग्रॅफाइटचा असावा म्हणून दोन काचेच्या पट्ट्यांमध्ये चिमूटभर भुकटी दाबून कानाजवळ घासली. करकर ऐकू आली आणि काच उजेडाकडे धरली तेव्हा बारीक रेघा दिसल्या. फाउंड्रीच्या स्वस्त ग्रॅफाइटमध्ये राख आणि वाळूचा अंश असतो. ओतकामात त्याने काही बिघडत नाही, पण बुशात तो कानशीचे काम करतो. चांगल्या प्रतीची बारीक ग्रॅफाइट भुकटी ३०० रुपयांना अर्धा किलो मागवली. ती काचेवर निःशब्द सरकते आणि बोटाला साबणासारखी लागते.

२७ एप्रिल

नव्या ग्रॅफाइटचा बुश आठ तास फिरवला. ओरखडे कमी झाले, पण गेले नाहीत. इथे मी तीन दिवस घालवले. धुळीला दोष दिला, धूळ न टाकता फिरवून पाहिले, तरी रेघा आल्याच. शेवटी बुश उभा चिरला, आतली भिंत भिंगाखाली धरली आणि तिरपा उजेड टाकला तेव्हा काळ्या पृष्ठभागात रुतलेले चमचमणारे कण दिसले. ते ग्रॅफाइटचे नव्हते. साय काढण्यासाठी मी जो पॉलिश पेपर आतून फिरवला होता त्याचेच कण निसटून मऊ रेझिनमध्ये घट्ट बसले होते. म्हणजे मी स्वतःच्या हाताने बुशाची शाण बनवली होती. आता आतली साय पेपरने काढणे बंद. ६५० रुपयांचा कमी-जास्त होणारा रीमर (भोक आतून तासणारे हत्यार) आणला असून हाताने अगदी हलक्या दाबाने तो फिरवतो. सपाट भागासाठी ब्लेडची उभी धार खरवडायला पुरते.

२८ एप्रिल

टेफ्लॉनची भुकटी आली, अर्धा किलोला ९०० रुपये. ती चुकीच्या जातीची निघाली. रेझिनमध्ये घालून ड्रिलला लावलेल्या पंख्याने ढवळताच तिच्या गुठळ्या झाल्या आणि गुठळ्यांचे कापसासारखे धागे ओढले जाऊ लागले; पंखा बाहेर काढला तर त्यावर म्हातारीच्या केसांची मिठाई गुंडाळल्यासारखे दिसत होते. टेफ्लॉनच्या एका जातीच्या बारीक भुकटीला घासले की धागे सुटतात, आणि सीलिंगची टेप करणाऱ्यांना नेमके तेच हवे असते. आपल्याला हवी ती वंगणासाठी मिळणारी मायक्रोपावडर, जिला असे धागे सुटत नाहीत. मागवताना हा शब्द उच्चारला नाही तर दुकानदार हाताशी असेल ती देतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

एक ताकीद इथेच नोंदवतो. माझ्याकडे काम करणारा मुलगा बिडी ओढतो. टेफ्लॉनचे कण हाताला किंवा बिडीला लागले आणि ती पेटवली, तर त्या धुराने काही तासांत ताप भरतो, थंडी वाजते. शेडमध्ये बिडी बंद, आणि भुकटी हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय बाहेर जाऊनही नाही, असा नियम केला आहे.

२ मे

मायक्रोपावडर १२०० रुपयांना अर्धा किलो. टेफ्लॉनला रेझिन सहजासहजी ओलावत नाही. भुकटी वर तरंगते, कणांभोवती हवा धरून ठेवते आणि ओतलेला बुश आतून जाळीदार पावासारखा निघतो. म्हणून हवा काढण्याची सोय करावी लागली. शेजारचा एसी दुरुस्त करणारा मित्र त्याचा व्हॅक्यूम पंप रात्रीपुरता देतो; जुन्या जाड प्रेशर कुकरवर रबराची रिंग आणि १५ मिलिमीटर जाडीचे ॲक्रिलिक ठेवले. गेज, नळी आणि ॲक्रिलिक मिळून ८५० रुपये.

गेजचा काटा पाऱ्याच्या ७०० मिलिमीटरच्या पुढे जाईना तेव्हा गळती शोधण्यात पूर्ण संध्याकाळ गेली. सगळ्या जोडांना साबणाचे पाणी लावले, रिंग बदलली, पंपाचे तेल बदलले. गळती नव्हतीच. लातूर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, इथल्या हवेचाच दाब ७०५ च्या आसपास आहे, आणि ७६० पर्यंत गेज नेण्याचा माझा हट्ट म्हणजे असलेल्या हवेपेक्षा जास्त हवा काढण्याचा हट्ट होता.

कामाचा क्रम आता असा बसला आहे. भुकट्या ११० अंशांवर तासभर तापवून कोरड्या करायच्या आणि थंड होऊ द्यायच्या. आधी फक्त रेझिनमध्ये त्या घोटून, हार्डनर न घालता, वीस मिनिटे हवा काढायची. घाई नसते, कारण हार्डनर नाही तर थिजण्याची भीतीही नाही. मिश्रण उतू जाणाऱ्या दुधासारखे तिप्पट-चौपट फुगते, म्हणून भांडे पाव भागच भरायचे. मग हार्डनर घालून फेस होऊ न देता हळू ढवळायचे, पुन्हा दोन मिनिटे हवा काढायची आणि बारीक धारेने साच्याच्या एकाच कोपऱ्यातून ओतायचे.

टेफ्लॉन २५ भाग, साय काढल्यावर: ओढ ४०० ग्रॅम, गुणांक ०.२०. काट्याचे नाचणे थांबले होते.

६ मे

साच्यात सिलिकॉनच्या गाभ्याऐवजी प्रत्यक्ष शाफ्टचाच तुकडा उभा करून त्याच्याभोवती ओतले, म्हणजे भोक सरळ आणि मापात येईल. शाफ्टला मेणाचे पॉलिश दोनदा लावले होते. तरीही तो असा अडकला की हातोड्याने एक बुश फुटला. रेझिन आकसते आणि शाफ्टला आवळते. दुसरा बुश फोडण्याआधी लेथवाल्या काकांनी उकळत्या पाण्याची युक्ती सांगितली: रेझिन लोखंडापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते, त्यामुळे गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवल्यावर शाफ्ट हाताने फिरवून निघाला.

सैलपणासाठी शाफ्टवर साध्या चिकटपट्टीचा एक वेढा दिला. पट्टी ०.०५ मिलिमीटर जाड, म्हणजे व्यासात ०.१ ची वाढ. रीमरने अजून ०.०५ जाते. एवढा सैलपणा लोखंडी बुशाला जास्त वाटेल, पण रेझिनच्या बुशाला तो हवाच. पट्टीची दोन टोके नीट जुळली नाहीत तिथे बुशाच्या आत एक उभी रेघ उठली, ती खरवडताना चुकून खोल गेली आणि खाच पडली. चाचणीत मात्र तोच बुश इतरांपेक्षा चांगला चालला, कारण फिरताना धूळ त्या खाचेत पडून खाली गळत होती. आता मी प्रत्येक बुशात भार नसलेल्या बाजूला मुद्दाम तशी खाच काढतो.

९ मे

तयार बुश पत्र्यावर उन्हात राहिला, आणि संध्याकाळी अंगठ्याने दाबला तेव्हा तो किंचित दबत होता. सामान्य तापमानाला घट्ट झालेल्या या जातीच्या इपॉक्सीचा कडकपणा ५०-६० अंशांना सुटू लागतो, आणि मे महिन्यात उघड्यावर उभ्या यंत्राचा पत्रा तेवढा सहज तापतो. त्यामुळे एक दिवस साध्या हवेत घट्ट झाल्यावर, आत शाफ्टचा तुकडा तसाच ठेवून, बुश जुन्या ओव्हनमध्ये हळूहळू ८० अंशांवर नेऊन चार तास ठेवतो. ओव्हन भंगारातून आणलेला आहे. स्वयंपाकघरातला वापरू नये. त्यानंतर उन्हात ठेवलेला बुश दबला नाही.

१३ मे

दोन भुकट्या एकत्र: टेफ्लॉन २० भाग, ग्रॅफाइट १० भाग, एरोसिल १ भाग. ओढ ३८० ग्रॅम, म्हणजे निव्वळ टेफ्लॉनच्या तुलनेत नावापुरता फरक. पण चार तास फिरवल्यावर निव्वळ टेफ्लॉनचा बुश हाताला बऱ्यापैकी गरम लागत होता आणि हा कोमट. ग्रॅफाइट उष्णता बाहेर नेते, रेझिन आणि टेफ्लॉन दोन्ही तिला अडवतात. हेच मिश्रण कायम केले.

मोलिब्डेनम डायसल्फाइड या आणखी एका कोरड्या वंगणाची भुकटीही १०० ग्रॅम आणली होती, ४०० रुपये. माझ्या चाचणीत तिने काहीच वेगळे दाखवले नाही. ती ग्रॅफाइटच्या दुपटीहून जड असते, म्हणजे वजनाने तेवढेच भाग घातले तर आकारमानाने निम्म्याहून कमी पडतात. आणि आकारमानाएवढी घालायची तर पैसे परवडत नाहीत. डबा फळीवर ठेवला.

१७ मे

दोन दिवस ओढ अचानक वाढलेली दिसत होती: सकाळी जास्त, दुपारपर्यंत कमी, दुसऱ्या सकाळी पुन्हा जास्त. मिश्रण बिघडले असे समजून नवा बुश ओतण्याच्या तयारीत होतो. मग लक्षात आले की मुलगा रोज सकाळी झाडलोट झाल्यावर शाफ्ट थिनरने पुसून लख्ख करून ठेवत होता. विचारले तर म्हणाला, "त्याला काळं लागलं होतं की हो दादा, म्हणून पुसून घेतलं." ते काळे म्हणजेच आमची सगळी कमाई. बुशातली भुकटी तासाभरात शाफ्टवर पातळ लेप चढवते आणि नंतर लेपावर लेप सरकतो. तो पुसला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुलाची चूक नाही, मी सांगितले नव्हते.

त्याच दिवशी जुना गंजलेला शाफ्ट आणि १००० नंबरच्या पेपरने व मेटल पॉलिशने चकाकवलेला नवा ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी दांडा), दोन्हींवर एकाच मिश्रणाचे बुश धुळीसह आठ तास फिरवले. जुन्यावर झीज ०.२ मिलिमीटर, नव्यावर ०.०५. भुकटीच्या भागांवर मी महिनाभर डोके फोडत होतो आणि गंजाच्या खड्ड्यांकडे पाहिलेही नव्हते. दोन्ही यंत्रांसाठी नवे ब्राइट बार घेतले, ७०० रुपये.

२६ मे

सोळा बुश बसवले. मामा पाहायला आले होते, शाफ्ट एका बोटाने फिरवून म्हणाले, "येवढ्यासाठी दोन महिने लावायले का तुम्ही?" मी त्यांना वहीतला हिशेब दाखवला: रेझिन आणि हार्डनर १७००, सिलिकॉन ९५०, दोन्ही ग्रॅफाइट ४२०, दोन्ही टेफ्लॉन २१००, मोलिब्डेनम ४००, व्हॅक्यूमची सोय ८५०, रीमर ६५०, बार ७००. एकूण ७७७० रुपये, म्हणजे बुशामागे ४८५, आणि टर्नर २२० सांगत होता. माझी मजुरी यात धरलेली नाही, धरण्यासारखीही नाही. साचा, रीमर आणि कृती आता हाताशी असल्याने पुढच्या बुशाला कच्चा माल ४० रुपयांच्या आसपास लागेल, एवढेच समाधान.

२२ जून

पेरणीजोगा पाऊस झाला, वाफसा आला आणि एका यंत्राने पाच दिवसांत सुमारे चाळीस एकर सोयाबीन पेरले. आज त्याचे आठही बुश उघडून पाहिले. सात बुशांची झीज माझ्या व्हर्नियरला जेमतेम जाणवते आणि शाफ्टवर काळपट, मऊ चकाकी आहे. आठव्याची कॉलर कोपऱ्यातून तडकली आहे. टेफ्लॉनला रेझिन धरत नाही, त्यामुळे भुकटीचा प्रत्येक कण ताकदीच्या दृष्टीने एक बारीक पोकळीच असतो. त्यात माझ्या साच्यात कॉलरचा आतला कोपरा काटकोनी राहिला होता आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याने बोल्ट पूर्ण जोर लावून आवळला होता. भोकाच्या बाजूने मात्र तो बुशही नवा असल्यासारखाच आहे.

३ जुलै

साच्यात कॉलरच्या कोपऱ्याला मेण भरून ३ मिलिमीटरची गोलाई दिली. आता बुश दोन टप्प्यांत ओततो: आधी शाफ्टभोवती ४ मिलिमीटर जाडीची भुकटीच्या मिश्रणाची नळी, आणि ती थिजून बोटाला किंचित चिकट लागत असतानाच बाहेरचा चौकोन, कॉलर व कान काचतंतूचे बारीक तुकडे घातलेल्या साध्या रेझिनचे. काचतंतू शाफ्टला लागता कामा नये, तो लोखंड ओरबाडतो. इथे तो नळीच्या बाहेरच राहतो. पहिल्या बुशाची नळी पूर्ण घट्ट झाल्यावर बाहेरचा थर ओतला होता, तो शिकंज्यात दाबताच सुटून निघाला. दुसरा वेळेवर ओतला. त्याची कॉलर शिकंज्यात धरून पान्याने आवळली तेव्हा बोल्टचे आटे गेले, कॉलर राहिली. तडकलेल्याच्या जागी तो बसवून यंत्र आज औशाला पाठवले.